बोटं काढलीस?

१

आमच्या गॅरेजमध्ये क्लचचं काम दोघांचं. एक जण खड्ड्यात, एक जण गाडीत. खड्ड्यात मी, कारण मी बारीक आणि धाकटा. गाडीत दादा, कारण त्याची पाठ वाकायची नाही आणि तो थोरला. थोरल्यांच्या वाट्याला नेहमी बसायचं काम येतं, असं मी त्याला रोज ऐकवायचो. तो म्हणायचा, "मग आधी जन्माला यायचं होतंस. कुणी अडवलं होतं?"

पद्धत ठरलेली. मी खालून ओरडायचं, "दाब." दादा वर पेडल दाबणार. गिअरबॉक्सच्या बाजूला एक खिडकी असते. तिच्यावरचं रबर काढलं की आत फोर्क दिसतो, लोखंडाची जाड पट्टी. पेडल दाबलं की ती सरकते आणि क्लच सुटतो. कुठवर सरकते, कुठे अडते, हे मी आत बोटं घालून चाचपायचो. माझं झालं की ओरडायचं, "सोड."

पण दादा लगेच पाय उचलायचा नाही. आधी टाचेने गाडीच्या तळावर दोनदा ठोकायचा. टक, टक. म्हणजे, बोटं काढलीस? मी "काढली" म्हणालो की मगच पाय वर. आम्ही दोघंही नवशिके होतो तेव्हा एकदा त्याने नुसत्या "सोड"वर पाय उचलला आणि माझ्या मधल्या बोटाचं नख गेलं. मी बोंब ठोकली, शिव्या घातल्या आणि संध्याकाळपर्यंत विसरूनही गेलो. तो काही विसरला नाही. कॉम्प्रेसरच्या आवाजात बोलणं ऐकू जात नाही म्हणून त्याने ही टाचेची खूण काढली आणि शेवटपर्यंत एकदाही चुकवली नाही.

त्याचं दाबणंही वेगळं होतं. गुडघा कुरकुरायचा ना! अर्धं दाबायचा, जरा थांबायचा, मग पूर्ण. खड्ड्यातून मला त्याचं तोंड दिसायचं नाही, पण फोर्क हलताना बघून मी डोळे झाकून सांगितलं असतं की वर दादा आहे की दुसरं कुणी.

२

ती लाल गाडी दादाची स्वतःची. दोन सीटची, जमिनीला घासेल इतकी बुटकी स्पोर्ट्स कार. कुणाच्या तरी अंगणात कुजत पडलेली त्याने उचलून आणली आणि गिऱ्हाइकांच्या कामातून वेळ मिळेल तसा तो तिला उघडत-जोडत बसायचा. त्याचं पोट आणि त्या गाडीचं दार यांचं कधी जमलं नाही. उशी अभ्र्यात कोंबावी तसा तो आत शिरायचा. वहिनी गाडीला 'सवत' म्हणायच्या. तरी रोज सकाळी दादाच्या बुटांच्या नाड्या त्याच बांधायच्या, कारण याला वाकता येत नव्हतं. डबल गाठ, वर फुली. "मध्येच सुटली तर बांधणार कोण, तुमची सवत?"

इंजिनाच्या मागे एक जड लोखंडी तबकडी फिरते, फ्लायव्हील. ती जड असली की ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तरी इंजिन बराच वेळ गुरगुरत राहतं. दादाला हलकं फ्लायव्हील हवं होतं, आणि त्याच्या जोडीचा नवा क्लच. "पाय ठेवला की हजर, पाय काढला की गप्प," तो म्हणायचा. "इंजिन सांगितलेलं ऐकणारं पाहिजे. तुझ्यासारखं उलट बोलणारं नको."

सामान मागवलेलं होतं. ते यायच्या आधी जुना क्लच एकदा बघून ठेवू म्हणून आम्ही गाडी खड्ड्यावर घेतली. सकाळची वेळ, रेडिओ चालू, शेजारी वेल्डरची ठोकाठोक. मी म्हणालो, "दाब." अर्धं, थांबणं, पूर्ण. मला आत नीट दिसेना. मी म्हणालो, "धरून ठेव, टॉर्च आणतो."

टॉर्चचे सेल गेलेले. ते शोधण्यात बराच वेळ मोडला. परत येऊन खड्ड्यात उतरलो, आत उजेड टाकला, फोर्क होता तिथेच होता. मी निवांत बघत बसलो. वर बघून म्हणालो, "आज डब्यात काय आहे रे?" उत्तर नाही. वाटलं, उशीर केला म्हणून फुगलाय. त्याची समजूत काढायला वर आलो तर त्याचं डोकं स्टिअरिंगवर.

डॉक्टर म्हणाले, तुम्ही टॉर्च आणायला गेलात तेव्हाच हे गेले असणार. कुणालाच काही करता आलं नसतं. मला धीर द्यायला म्हणाले बिचारे. पण मी दुसऱ्याच गोष्टीवर अडकलो. त्या जुन्या क्लचची स्प्रिंग इतकी कडक होती की धडधाकट माणसाची मांडी धरून ठेवताना थरथरायला लागते. ती स्प्रिंग गेलेल्या माणसाचा पाय मागे ढकलते. ढकलायलाच पाहिजे. मी तर परत आल्यावरही फोर्क बघत होतो, आणि तो केसभरही हलला नव्हता. अंगाचं वजन पडलं असेल, बूट अडकला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. माणसं धावली, दादाला उचलून बाहेर काढलं. पेडल वर कधी आलं, हे कुणीच बघितलं नाही.

३

दादाचे दिवसपाणी उरकल्यावर सामानाचं खोकं आलं. मी ते माळ्यावर टाकून दिलं. मला ते डोळ्यांसमोर नको होतं.

एक दिवस वहिनी गॅरेजमध्ये आल्या. दादा गेल्यापासून पहिल्यांदाच. गाडीच्या टपावरून हात फिरवला, बोटाला लागलेली धूळ बघितली आणि म्हणाल्या, "भाऊजी, मी ताईकडे जातेय. तिच्या गावात शाळेत नोकरी मिळाली. घर बंद करणार."

"कायमच्या?"

"इथे काय करू? संध्याकाळ झाली की गॅरेजचं शटर पडल्याचा आवाज घरात ऐकू येतो आणि मी चहा टाकायला उठते. दोन कप टाकते." मग म्हणाल्या, "मी सवतीला घेऊन जाणार. चालवत. ह्यांनीच शिकवली होती मला. पण ह्यांना जशी हवी होती तशी करून द्या. अर्धवट गाडीत मी बसणार नाही."

नाही कसं म्हणणार? गाडी त्यांची, नवरा त्यांचा. पण मनातून मला रागच आला. ती गाडी गेली की दादाचं गॅरेजमध्ये काय उरलं? एक मळका डगला आणि खिळ्याला लटकलेला चष्मा. मी म्हणालो, "करतो. वेळ लागेल."

४

गिअरबॉक्स उतरवला, जुना क्लच काढला, मग फ्लायव्हील. ते दोन्ही हातांनी पोटाशी धरून बाकावर नेऊन ठेवावं लागलं. नवीन एका हातात आलं. दादा असता तर त्याने ते सगळ्या गल्लीला दाखवून आणलं असतं. मी बोल्ट समोरासमोरचे धरून आवळले, क्लच प्लेट मधोमध बसवली, वर तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट. वेल्डरला हाक मारून गिअरबॉक्स वर चढवला. हात आपोआप चालत होते, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच दिवसांनी मला जरा बरं वाटत होतं.

दुपारी वेल्डर जेवायला गेला. गल्ली सामसूम. मी केबल जोडली, खिडकीचं रबर काढलं, आत बोटं घातली आणि सवयीने म्हणालो, "दाब."

म्हटलं आणि जीभच चावली. वर कोण होतं दाबायला? डोळ्यांत पाणी आलं. बाहीने पुसत होतो, तेवढ्यात बोटांखाली फोर्क सरकला.

अर्धा. थांबला. मग पूर्ण.

मी हललो नाही. केबलला पीळ असेल, सुटला असेल. नवीन प्रेशर प्लेट कधीकधी हट्टीपणा करते. असं बरंच काही मनात आलं आणि त्यातलं एकही खरं नव्हतं, कारण केबल कुणीतरी ओढल्याशिवाय फोर्क सरकत नाही. हे मी शेकडो गाड्यांवर शिकलोय. मी बोटं काढली, पायऱ्या चढून वर आलो आणि बाजूच्या काचेतून आत बघितलं.

सीट रिकामी. क्लचचं पेडल तळाला टेकलेलं.

५

पेडल दुसऱ्या दिवशी तळालाच होतं. तिसऱ्या दिवशीही.

मी वेल्डरला म्हणालो, "जरा हाताने वर ओढून बघ रे, जाम झालंय." तो आत वाकला, दोन्ही हातांनी ओढलं, लालबुंद झाला. "च्यायला, आत कुणी पहार घातलीय का?" मग त्याने पेडलच्या आजूबाजूला चाचपलं आणि एकदम हात मागे घेतला. "इंजिन चालू केलं होतंस का?"

"नाही. का?"

"काही नाही. तिथे ऊब लागतेय." हात पँटला पुसत तो निघून गेला. नंतर दोन-तीनदा हाक मारली, तर म्हणाला वेल्डिंग अर्धं टाकून येता येत नाही. एरवी हा माणूस चहाच्या नुसत्या वासाने काम टाकून यायचा.

केबल काढली असती तर एका मिनिटात निकाल लागला असता. फोर्क मागे आला असता, पेडल मोकळं झालं असतं. मी केबल काढली नाही. "सोड" म्हणून बघावं असंही मनात आलं. तेही म्हणालो नाही. म्हटल्यावर काही झालं नसतं तर मी वेडा ठरलो असतो. आणि झालं असतं तर? मग तर संपलंच.

रोज दुपारी गल्ली शांत झाली की मी खड्ड्यात उतरायचो आणि फोर्कवर हात ठेवून बसायचो. बोलायचो. गिऱ्हाइकांच्या तक्रारी, गॅरेजच्या छपराची गळती, बायको कशी माझ्यावर चिडलीय. त्याला आवडायचं तसं तिखटमीठ लावून सांगायचो. वरून कधी काही आलं नाही. कान लावला की फक्त ते शांत बसणं ऐकू यायचं. तुम्हाला माहीत आहे ना, खोलीत कुणी गप्प बसलेलं असतं तेव्हा खोली वेगळी ऐकू येते? भीती वाटायची. तरी दुपार व्हायची मी वाट बघायचो.

वहिनींचा फोन यायचा. "झाली का हो?" मी सांगायचो, केबल नीट नाही, दुसरी मागवलीय. पुढच्या वेळी सांगायचो, बेअरिंग वाजतंय. त्यांनी शाळेकडून मुदत वाढवून घेतली. मी बेअरिंगचं खोटं पुन्हा सांगितलं.

मग एका दुपारी फोर्क थरथरायला लागला. अगदी बारीक, नखाला जाणवेल इतकाच. मला ती थरथर ओळखीची वाटली. दमलेली मांडी अशीच थरथरते. मी त्या दिवशी लवकर शटर ओढलं आणि घरी निघून गेलो.

६

वहिनी न कळवता आल्या. भर दुपारी, हातात घराची किल्ली. सामान पुढे गेलं होतं. "उद्या हजर व्हायचंय भाऊजी. आता नाही म्हणू नका."

मी खड्ड्यात होतो. मी काही बोलायच्या आत त्यांनी दार उघडलं. वर गाडी जराशी दबली. चपला खाली काढून ठेवल्याचा आवाज आला. दादाने त्यांना अनवाणीच शिकवली होती, पेडल तळपायाला कळलं पाहिजे म्हणून.

"वहिनी, थांबा, क्लच जाम आहे. पेडल तळाला गेलंय."

"तळाला कुठे? इथे तर..." त्या थांबल्या. "भाऊजी, पायाला पेडल लागत नाहीये."

"म्हणजे?"

"पेडलच्या वर काहीतरी आहे. चामड्यासारखं." आवाज एकदम बारीक झाला. "बूट आहे."

मला खड्ड्याच्या भिंती जवळ आल्यासारख्या वाटल्या. मी म्हणालो, "वहिनी, बाहेर या. आधी बाहेर या."

"मला दिसत काहीच नाहीये हो. नुसता माझा पाय दिसतोय, हवेत अडकलेला." कपड्यांची सळसळ झाली. त्या खाली वाकल्या असाव्यात, हाताने चाचपत असाव्यात. मग त्या रडायला लागल्या. ओरडल्या नाहीत, घाबरल्याही नाहीत, घरात बसून रडावं तशा रडत होत्या.

"डबल गाठ आहे," त्या म्हणाल्या. "वर फुली. मी त्या दिवशी सकाळी बांधलेली."

मी खालून खिडकीत बोटं घातली.

"पाय कापतोय ह्यांचा. भाऊजी, त्या दिवशी तुम्ही ह्यांना शेवटचं काय सांगितलं होतंत?"

"धरून ठेव म्हणालो होतो."

"आणि मग?"

"मग काही नाही."

वहिनींनी नाक ओढलं. मग अगदी हळू म्हणाल्या, आजारी माणसाच्या खोलीबाहेर बोलतात तसं, "दमलेत हो ते. सांगा ना त्यांना."

"सांगितलं तर जाईल तो."

"मला कळत नाही का ते? माझा पाय आहे त्यांच्या पायावर. मला उचलवतोय असं वाटतं तुम्हाला?"

७

माझी बोटं खिडकीतून आत होती, फोर्कच्या मागे, जिथे नख गेलं होतं तिथेच. वरून ग्रीसचा वास येत होता आणि त्यात वहिनींच्या साबणाचा. दूर कुणीतरी शटर उघडलं. मला दादाला खूप काही सांगायचं होतं. त्या दिवशी सेल शोधायला मी उगाच वेळ काढला, हे सांगायचं होतं. सकाळी आल्यापासून त्याच्याशी नीट बोललो नव्हतो, हेही. पण खड्ड्यातून आम्ही एकमेकांशी असलं कधी बोललोच नव्हतो.

मी म्हणालो, "सोड."

काही झालं नाही. फोर्क थरथरत तसाच राहिला.

मग माझ्या डोक्यावर, गाडीच्या तळावर, टाच वाजली. टक, टक.

"मी नाही ठोकलं," वहिनी म्हणाल्या.

"माहीत आहे."

तो विचारत होता. त्या सकाळपासून आजपर्यंत पाय धरून बसला होता आणि त्याला एवढंच विचारायचं होतं. मी उत्तर दिलं नाही. मला उत्तर देववेना. बोटं आत असेपर्यंत तो पाय उचलणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. आयुष्यात कधी उचलला नव्हता. मी बोटं आणखी आत सरकवली. लहान मूल आईचा पदर मुठीत धरतं तसा मी तो फोर्क धरला, आणि वय विसरून हमसून हमसून रडलो.

टक, टक. या वेळी हळू. जोरात ठोकायचं बळ राहिलं नसावं.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "उत्तर द्या त्यांना."

मी बोटं काढली. एकेक करून, मधलं सगळ्यात शेवटी. हात बाहेर घेऊन छातीशी धरले आणि म्हणालो, "काढली रे दादा."

फोर्क मागे आला. झटका न देता आला, सावकाश, शेवटपर्यंत जपून. वर पेडल जागेवर बसल्याचा आवाज झाला.

वहिनींनी पाय खाली टेकवला. मग म्हणाल्या, "आता पेडल लागतंय पायाला. गार आहे."

मी खड्ड्यातच उभा राहिलो. वर यायला मला तोंड नव्हतं. थोड्या वेळाने त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन पहिल्याच झटक्याला चालू झालं. त्यांनी जरा ॲक्सिलरेटर दिला, आवाज छपराला भिडला, बाकावरचे पाने वाजले. मग त्यांनी पाय काढला, आणि मी कान टवकारून ती जुनी गुरगुर येण्याची वाट बघत राहिलो. गुरगुर आली नाही. आवाज त्याच क्षणी खाली आला.

"किती पटकन शांत झालं हो," वहिनी म्हणाल्या.

"हो," मी खालून म्हणालो. "त्याला असंच हवं होतं."